पिवळा पट्टा, निळा पट्टा

माझी सगळी नोकरी बैलाच्या मानेवर येणाऱ्या एका गाठीमागे गेली. निवृत्तीच्या समारंभात कोणीतरी मला ‘थोर जिवाणूशास्त्रज्ञ’ म्हणालं तेव्हा मला हसू आलं आणि लगेच ते आवरावंही लागलं, कारण फोटो काढणं चालू होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर गुरांना घटसर्पाची लस टोचतात. हा घटसर्प म्हणजे लहान मुलांना होतो तो नव्हे, गुरांचा वेगळा. सकाळी गळा सुजतो, घरघर लागते आणि दिवस मावळेपर्यंत दावणीला बांधलेलं जनावर गेलेलंही असतं. त्यावर लस आहे, चांगली आहे, मी तिची निंदा करणार नाही. पण ती घट्ट आहे. सुईतून ढकलताना अंगठा दुखतो आणि टोचल्या जागी लिंबाएवढी गाठ येते, ती लवकर हटत नाही. नेमकी तेव्हाच शेतीच्या कामाची घाई असते आणि जू मानेवरच बसतं. म्हणून लोक गाय आणतात, म्हैस आणतात आणि बैल तेवढे मळ्यात ठेवून येतात. विचारलं तर सांगतात, बैल पाहुण्याकडे गेलेत. मग पाऊस लागला की या पाहुण्याकडे गेलेल्या बैलांचेच गळे सुजायला लागतात.

ही गाठ घालवायची आणि लसीचा जोर वर्षभर टिकवायचा, एवढंच माझं संशोधन. ऐकायला एका ओळीत बसतं. मला त्याला चोवीस वर्षं लागली, आणि आता मागे वळून पाहण्याइतकाही उत्साह उरलेला नाही. पण लिहायला बसलेच आहे तर नीट सांगते.

मी पूर्णेची. वडील रेल्वेत पॉइंट्समन होते. आजोबांच्या काळात आमचं घर बौद्ध झालं आणि त्याच पिढीने गावकी सोडून रेल्वे धरली. क्वार्टरमध्ये शेळीही नव्हती, मग बैल कुठला! शेतच नव्हतं. मी पशुवैद्यकाला गेले तेव्हा आई म्हणाली, “डॉक्टर व्हायचं तर बोलणाऱ्या पेशंटची हो की.” त्यातही मी उपचार करणारी झाले नाही, जिवाणू वाढवणारी झाले, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारणींना ती “गुरांच्या दवाखान्यात साहेब आहे” एवढंच सांगायची. बैलाबद्दल मला जे ठाऊक होतं ते पुस्तकातलं आणि रक्ताच्या नळीतलं. पुढे मला हे फार महागात पडलं.

परभणीतली आमची प्रयोगशाळा तीन खोल्यांची. लोकांना वाटतं, जिवाणूशास्त्रज्ञ म्हणजे दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेलं माणूस. खरं काम फ्रीजची राखण करण्याचं. उन्हाळ्यात वीज गेली की मी आधी डीप फ्रीझरला हात लावून बघायचे, मग स्वतःचा घाम पुसायचे. शिवाय आमचा हा जिवाणू मोठा लहरी. बशीतल्या आयत्या अन्नावर वाढवत राहिलं की मवाळ होतो आणि त्याची लस कुचकामी निघते. मग त्याला उंदराला टोचायचं, उंदीर मेला की त्याच्यातून परत काढायचा, की हा पुन्हा ताजातवाना. उंदीर किती गेले ते कोण मोजणार!

लस पातळ करायची तर तेल आणि पाणी नव्या रीतीने एकत्र बांधायला हवं होतं. ते बांधलं जायचं आणि आठवड्यात फुटायचं. सोमवारी सकाळी बाटली काढावी तर वर तेल, खाली पाणी आणि समोर माझं तोंड. असं किती वर्षं चाललं ते आठवण्यात अर्थ नाही. लग्नं झाली, बदल्या झाल्या, माझे सहकारी प्राध्यापक झाले, अधिकारी झाले, एक जण तर आमदारकीला उभा राहून पडलासुद्धा. मी बाटल्या हलवत राहिले. शेवटी एक मिश्रण असं जमलं की ते उन्हाळाभर फुटलं नाही. सशांवर चाललं. वासरांवर चाललं. गाठ आली नाही. त्या दिवशी मी घरी जाताना रिक्षावाल्याला विनाकारण विचारलं, “जेवलात का?”

गावातल्या चाचणीची परवानगी येईपर्यंत माझ्या निवृत्तीला दीडच वर्ष उरलं होतं. चाचणी बसली तर लस पुढच्या मोठ्या चाचणीला आणि तिथून कारखान्यात जाणार होती. नाही बसली तर माझ्यामागे ती घेणारं कोणी नव्हतं. नव्या मुलांना डीएनए हवा असतो, तेलात हात बुडवायला कोणी तयार नाही. आणि त्यांचं तरी काय चुकलं? मलाही कोणी आधी सांगितलं असतं तर मी बुडवले नसते.

येलदरीच्या धरणाकडेचं एक गाव निवडलं. पाण्याकाठची चराई, ओल, दरवर्षी तिथे चार-दोन जनावरं दगावायचीच. चाचणीची आखणी मीच केली आणि तिचा मला अभिमान होता. प्रत्येक घरात बैलांची जोडी. एकच गोठा, एकच वैरण, एकच पाणी, कामही सारखंच. मग जोडीतल्या एकाला माझी नवी लस आणि दुसऱ्याला जुनी. दोघांचं रक्त घ्यायचं एक महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने. याहून निर्मळ तुलना कुठे मिळणार? सादरीकरणात सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या खोलीत एकाही माणसाने आयुष्यात औत धरलेलं नव्हतं.

ओळखीसाठी कानात बिल्ला मारतात. पण त्या गावात मागे बिल्ल्यांनी कान पिकले होते, त्यामुळे लोक कानाला हात लावू देईनात. मग मीच युक्ती काढली, गळ्यात पट्टे. नव्या लसीला पिवळा, जुन्या लसीला निळा, प्रत्येकावर नंबर. पारावर लोक जमले तेव्हा मी हात जोडून सांगितलं, “पट्टे जिवापाड सांभाळा. एक जरी हरवला तरी माझं सगळं काम पाण्यात जाईल.”

गावात एक वयस्कर शेतकरी होते, मी त्यांना मामा म्हणायचे. सगळ्यात आधी त्यांनी जोडी आणली आणि त्यांच्या मागून गाव आलं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं, ऐकून जरा थांबले आणि मग घरात चहा सांगितला. काही घरांत नुसतं थांबणंच झालं, चहा झाला नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तक्रारीचाही कंटाळा येतो माणसाला.

टोचणी वैशाखात झाली. जुनी लस टोचलेल्या बैलांना गाठी आल्या, नवी टोचलेल्यांना आल्या नाहीत. मामा रोज सकाळी बोटांनी मान चाचपून बघायचे आणि मला फोन करायचे, “म्याडम, पिवळ्याला काहीच न्हाई बगा. मऊ हाय.” महिन्याने रक्त घेतलं, दोन्हीकडे जोर चांगला दिसला. तो दिसणारच होता. खरी परीक्षा सहा महिन्यांनी होती, कारण जुन्या लसीचा जोर तेव्हा ओसरायला लागतो.

दिवाळीनंतर आमचे तंत्रज्ञ दुसऱ्यांदा रक्त घेऊन आले. बैल दवाखान्याच्या आवारात आणायचे, ते गळ्यातला नंबर मोठ्याने वाचायचे आणि तो नळीवर लिहायचे. बैल कोणाचा, हे बघायची गरज नाही अशी सोय मीच करून ठेवली होती. नळ्या तपासल्या आणि निकाल लावला तर सगळा गोंधळ. काही पिवळे वर, काही तळाला. काही निळे असे वर की विश्वास बसेना. एकूण हिशेब केला तर दोन्ही लसींत काही फरकच नाही.

मी पुन्हा तपासलं. द्रावणं नवी केली, पुन्हा तपासलं. तंत्रज्ञांवर विनाकारण ओरडले. त्या बिचाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी डबा दुसऱ्या खोलीत खाल्ला. तिसऱ्यांदाही तेच आल्यावर मला वाटलं, आपली लसच खोटी. ससे खोटे, वासरं खोटी, मी खोटी. त्या आठवड्यात मी कोणाशी नीट बोलले नाही. मग एका सकाळी जीप मागितली आणि गावाला गेले. कशासाठी चालले आहे हे मला सांगता आलं नसतं. नुसते बैल बघायचे होते.

मामांच्या गोठ्यात दोन बैल कडबा खात होते. दोघांच्याही गळ्यात पिवळे पट्टे.

मी बराच वेळ बघत राहिले. मग शेजारच्या गोठ्यात डोकावले. तिथे दोघांच्या गळ्यात निळे.

“मामा, तुमच्या एका बैलाला निळा पट्टा होता ना?”

“व्हता की.”

“मग तो कुठे गेला?”

“शेजाऱ्याला देला. त्याचा पिवळा आमी घेतला.” ते अगदी सहज सांगत होते. “एकाला पिवळा अन् एकाला निळा, लय वंगाळ दिसायलं होतं म्याडम. पोळ्याला जोडी मिरवायची तर गळ्यात सारखं नको का? खांदमळणीला पट्टे काढलेच व्हते. मंग सगळ्यांनी आपसात बदलून घेतले.”

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोणी लावून मळतात, ती खांदमळणी. त्या दिवशी गळ्यातलं सगळं उतरवतात. आणि जोडीतल्या एका बैलाला जे घालतील तेच दुसऱ्याला घालतात. घुंगरं, गोंडे, झूल, सगळं सारखं. एकाला नैवेद्य अन् दुसऱ्याला नाही, असं कधी होत नाही. हे परभणी जिल्ह्यातलं कुठलंही शेतकऱ्याचं पोर सांगेल. मी सांगू शकले नसते. पोळ्याची सुट्टी होती आणि मी परभणीत पंखा लावून झोपले होते.

“पर एक बी पट्टा हरवू देला न्हाई,” मामा म्हणाले. “मोजून घ्या तुमी.”

मी खरंच मोजले. गावभर फिरून मोजले. एकही कमी नव्हता. मी जे सांगितलं होतं ते त्यांनी तंतोतंत केलं होतं. हा पट्टा याच बैलाचा, हे मी कधी बोललेच नव्हते, कारण ते सांगावं लागतं हेच मला माहीत नव्हतं. मला त्यांचा राग येईना, आणि राग येत नाही याचाच फार राग आला.

वाटलं, अजून जमेल. लोकांना आपापले बैल ठाऊक असतात, कोणाला कुठला पट्टा होता हे विचारून घेऊ. मामांना आपलं नक्की आठवत होतं, पण एका जोडीवर चाचणी उभी राहत नाही. पहिल्या घरात सांगितलं, निळा डावीकडच्याला. त्यांनी इतक्या तत्परतेने सांगितलं की मला शंका आली. दुसऱ्या घरात नवरा म्हणाला डावा, बायको आतून म्हणाली उजवा, आणि दोघांचं माझ्यासमोर जुंपलं. तिसऱ्या घरी मी चलाखी केली आणि विचारलं, “गाठ कोणत्या बैलाला आली होती?” घरधनी क्षणभर विचार करून म्हणाले, “दोघाला बी आलती थोडी थोडी.” एका बैलाचं वाईट सांगून दुसऱ्याचं चांगलं सांगणं त्यांच्या जिवावर आलं असावं.

परतल्यावर आमच्या विभागप्रमुखांना सगळं सांगितलं. ते माझ्याहून वयाने बरेच लहान आणि सज्जन माणूस.  ऐकून हळूच म्हणाले, “मॅडम, अंदाजाने जोड्या लावून बघा ना. आपण अगदीच अंधारात नाही. नवीन चाचणीला तर आता वेळ नाही.”

वेळ नव्हताच. माझे थोडेच महिने राहिले होते. मी सांगणार होते की असलं काही मी करणार नाही, पण तोंडातून निघालं, “बघते.” आणि मी बघितलं. रविवारी घरी बसून कागदावर बैल लावले. ज्याचा जोर टिकलेला तो नव्या लसीचा असणार, ज्याचा ओसरलेला तो जुन्या. जिथे लोकांनी सांगितलेलं जुळत होतं तिथे ते धरलं, जिथे जुळत नव्हतं तिथे म्हटलं, त्यांची आठवण चुकली असेल. दुपारपर्यंत तक्ता पुरा झाला. इतका सुरेख तक्ता मी नोकरीत कधी पाहिला नव्हता. एका बाजूला माझी लस वर्षभर टिकेल अशी, दुसऱ्या बाजूला जुनी उतरत गेलेली. तो तक्ता बघून मी रडले. कारण तो खराच असेल, असं मला आजही वाटतं, आणि तो खरा आहे म्हणायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. उत्तर आधी ठरवून मी बैल त्याच्यामागे उभे केले होते.

तो तक्ता चार दिवस माझ्या पिशवीत होता. ऑफिसात नेला, परत आणला, परत नेला. प्रमुखांनी एकदा विचारलंही, “काही दिसतंय का?” मी म्हणाले, डोकं दुखतंय. पाचव्या दिवशी तो फाडला आणि अहवाल लिहिला. ‘ओळखचिन्हांच्या योजनेत चूक झाल्याने चाचणीचे निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाहीत. योजना अधोस्वाक्षरीकर्त्याची होती.’ गावाचा, पोळ्याचा उल्लेख मी केला नाही. पुढे कोणी तरी त्यांच्याकडे बोट दाखवून हसलं असतं, ते मला सोसलं नसतं. वरून उत्तर आलं, विषय बंद करण्यात येत आहे. मला वाटलं होतं वाईट वाटेल, पण खूप थकल्यासारखं वाटलं, एवढंच. मी त्या दिवशी लवकर घरी गेले आणि जेवण न करता झोपले.

हे इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण पुन्हा वैशाख आला, माझे नोकरीचे शेवटचे आठवडे, आणि त्या गावच्या दवाखान्यातून फोन आला. पलीकडे तिथले पशुधन पर्यवेक्षक होते. “मॅडम, गाव लस टोचू देईना. गाई-म्हशीसुद्धा आणेनात. म्हणतात, म्याडमची पातळ लस येणार हाय, आमी थांबलोय.”

म्हणजे आधी निदान बैल तेवढे लपायचे. आता माझ्या भरवशावर सगळं गाव उघडं पडलं होतं, आणि पाऊस दोन-तीन आठवड्यांवर होता. मी लोकांना फोनवरून सांगून बघितलं, जुनीच टोचून घ्या. ते हो हो म्हणाले आणि कोणी आलं नाही. मग जुन्या लसीची थर्मासची पेटी घेऊन मी स्वतः गेले.

मामा गोठ्यापुढे बाजेवर बसले होते. पेटी बघून त्यांचा चेहरा असा खुलला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

“आणली का तुमची?”

“नाही मामा. जुनीच आहे.”

“मंग तुमची कव्हा?”

पुढच्या वर्षी, असं म्हणणं सोपं होतं. पण पुढच्या वर्षीही ते थांबले असते. “माझी येणार नाही,” मी म्हणाले. “आता कधीच नाही. मी पण या महिन्यात निवृत्त होतेय.”

 खेड्यातला माणूस अडाणी असतो असं म्हणणाऱ्यांना मी त्या वेळचा त्यांचा चेहरा दाखवायला हवा होता. “त्या पट्ट्यानं झालं का?” त्यांनी विचारलं. “आमी बदलले त्याच्यानं?”

“नाही,” मी म्हणाले. “माझ्या कामात खोट होती. तुमचं काही चुकलं नाही.”

त्यांना पटलं की नाही मला माहीत नाही. ते उठले, एकेक करून दोन्ही बैल बाहेर आणले आणि शिंगं धरून उभे राहिले. बघता बघता शेजारचे आले, त्यांच्या मागून गाव आलं. मी लस भरली आणि दोन्ही माना टोचल्या. ती घट्ट लस ढकलताना अंगठा दुखला, बैलाने कातडी थरथरवली, मामांनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला.

“आता औत कव्हा धरू?”

“पंधरा दिवसांनी,” मी सांगितलं. नोकरीला लागले त्या वर्षीही मी लोकांना हेच सांगत होते.